फासळ्यांवरची लेस

माझ्या थोरल्या जावेच्या छातीचा फोटो मी टाचणीनं टोचून टोचून त्याची चाळणी केली होती. रागानं नाही. भांडणही नव्हतं आमचं. मला ब्लाउजच्या बाह्यांना लेस पाहिजे होती, एवढंच.

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो. आणि लेस म्हणजे दुकानात मीटरनं मिळते ती नव्हे. टणक उशीवर नमुना ठेवायचा, त्यावर टाचण्या रोवायच्या, लाकडाच्या काड्यांना दोरा गुंडाळायचा आणि त्या काड्या एकमेकींवरून नेत-नेत हातानं विणायची ती लेस. आजही पांढुर्ण्यात कुणाला सांगितलं तर विचारतात, क्रोशा का? मी म्हणते, हो, क्रोशा. कोण समजावत बसतं.

मी तेव्हा सव्वीसची होते. सौंसरला सासर, बोरगावच्या रस्त्यावर संत्र्याचा बगीचा, घरात सासूबाई, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि माझी लहान पोर. मी हायर सेकंडरी पास. घरात तेवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. पत्र आलं की पाकीट मीच फोडायची, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी मीच वाचायची. अर्धं चुकीचं वाचायची, पण जोरात वाचायची. आज ती मुलगी समोर आली तर मी तिचे कान उपटीन आणि मग तिला जेवायला वाढीन.

जाऊ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. चौथी शिकलेली. तिची मुलं शिकायला बाहेर होती, म्हणून माझी पोर तिच्याच कडेवर असायची. तोंडावर मी तिला बाई म्हणायची, अहोजाहो करायची. मनात मात्र ती 'ती'च होती, म्हणून इथेही 'ती'च लिहिते.

आमच्या समोरच्या खोलीत एक नर्स भाड्यानं राहायला आली. पार दक्षिणेकडची. मराठी येत नव्हतं, हिंदी आमच्याहून वाईट. ड्यूटी नसली की दुपारी उंबऱ्यात बसून मांडीवर एक गोल फुगीर उशी घ्यायची, आणि काड्यांचा आवाज सुरू व्हायचा, टिक-टिक, टिक-टिक. सासूबाईंनी दोन दिवस दारातून पाहिलं आणि निकाल दिला की ही बाई करणी करते. उशीत टाचण्या टोचून राहिली म्हणे, कोणाचं नाव घेऊन टोचते कोणास मालूम. आठवडाभर त्यांनी माझ्या पोरीला तिच्या खोलीसमोरून जाऊ दिलं नाही.

मी गेले. मी शिकलेली होते ना.

नर्सबाईनं मला शिकवलं. खरं तर त्यात दोनच गोष्टी आहेत. चार काड्या घ्यायच्या. मधल्या दोन एकमेकींवरून काढायच्या, मग दोन्ही बाजूंच्या जोड्यांना एकेक पीळ द्यायचा. टाचणी रोवायची. पुन्हा तेच. लहान पोरीची वेणी घालता येते तिला हे येतं. मला वेणी घालता येत होती, पण लेस यायला दोन महिने लागले, कारण दर वेळी मी नर्सबाईच्या पुढे एक पाऊल जायची आणि सगळं उसवायची.

उशी आम्ही घरी केली. जुन्या लुगड्याची खोळ, आत कुटार म्हणजे वाळक्या काडाचा भुसा, आणि जाऊ मुसळानं तो ठासत बसली होती दगडासारखा होईपर्यंत. काड्यांना ती टिपऱ्या म्हणे. त्याही तिनंच केल्या. बगीच्यात झाडांची सल छाटल्यावर संत्र्याच्या वाळक्या फांद्या पडतात. त्यातल्या बोटाएवढ्या निवडून ती भाजीच्या चाकूनं तासायची. वर बारीक मान, खाली फुगलेलं पोट. संत्र्याचं लाकूड कडक, तिच्या अंगठ्याला घट्टा पडला. बत्तीस टिपऱ्या केल्या तिनं, आणि मला ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला काहीतरी वेगळं. एक वाकडी होती, ती सासूबाई. एक पोटाला जाड, ती आमच्या दिराची. एक टिपरी सगळ्यात बारीक आणि टोकाला चिरलेली.

"हे तू," ती म्हणाली. "बारीक, आन् तोंड फाटलेलं."

ती स्वतः कधी विणायला बसली नाही. मी विणायची आणि ती बाजूला वाटाणे सोलत, नाहीतर पोरीच्या डोक्यात तेल घालत बसायची आणि माझी टर उडवायची. माझी नणंद मोहगावला दिलेली. तिच्याकडे अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, लग्न होतं, आणि मी ठरवलं होतं की माझ्या बाह्यांची लेस पाहून अख्ख्या मोहगावच्या बायांनी तोंडात बोट घालायचं. माझ्या आयुष्यात तेव्हा याहून मोठा प्रश्न नव्हता.

नमुन्यासाठी नर्सबाई जुन्या फोटोची फिल्म वापरायची. पुठ्ठा टाचण्यांनी फाटतो, फिल्म फाटत नाही, आणि काळ्या फिल्मवर पांढरा दोरा स्वच्छ दिसतो. दवाखान्यातली एखादी टाकाऊ फिल्म मला आणून देईन, म्हणाली होती. मग ती महिन्याच्या सुट्टीवर गावी गेली. महिनाभर थांबायचं? लग्न तोंडावर आलेलं.

जावेच्या खोलीत अलमारीवर, पापडाच्या डब्यामागे, एक मोठं खाकी पाकीट होतं. मला माहीत होतं त्यात काय आहे. आदल्या वर्षी ती माहेरी, पांढुर्ण्याला, गेलेली असताना तिला ताप आला होता, तेव्हा तिच्या भावानं तिच्या छातीचा फोटो काढून आणला होता. ताप उतरला, ती परत आली, कामाला लागली. पाकीट वर गेलं. मी विचार केला, बाई तर ठणठणीत आहेत, हाडांचा फोटो कुणाला लागतो? विचारायला पाहिजे होतं. ती विहिरीवर गेली होती, तेवढीही सवड मी काढली नाही.

खिडकीशी धरून पाहिलं तर इतकी सुंदर फिल्म. दोन्ही बाजूंनी फासळ्यांच्या कमानी, सारख्या अंतरावर, जणू कुणी नमुन्यासाठीच रेघा आखून दिल्या होत्या. मी लेसच्या काठाची वळणं त्या कमानींवरच बसवली. मला एक फूलही पाहिजे होतं, आणि फुलाला मध्य लागतो. उजव्या बाजूला, दोन फासळ्यांच्या मधात, एक पांढरट ठिपका होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मला वाटलं, वा, मध्य तयारच आहे. एक छिद्र त्याच्या बरोबर मधात पाडलं, आणि त्याच्या काठाला धरून गोल आठ.

नमुना एकच असला तरी लेस लांब होत जाते. एवढा तुकडा झाला की टाचण्या काढायच्या, लेस वर सरकवायची आणि पुन्हा त्याच छिद्रांवरून सुरू करायचं. एकेका बाहीला अकरा फुलं बसणार होती. म्हणजे दोन्ही बाह्यांसाठी त्या ठिपक्यावर मला बावीस वेळा विणायचं होतं. जावेला दिसू नये म्हणून आता मी आपल्या खोलीत एकटी बसून विणायची, आणि उठताना उशीवर फडकं टाकायची.

कापसाची वेचणी सुरू झाली तशी जाऊ खोकायला लागली. वेचणीत सगळेच खोकतात, नाकातोंडात रुई जाते. कुणी मनावर घेतलं नाही. एक दिवस तिच्या पदराला रक्त दिसलं, ते सासूबाईंना दिसलं, आणि दोन दिवसांनी दीर तिला नागपूरला घेऊन निघाले. मीही गेले. मोठ्या डॉक्टरांसमोर बोलायला शिकलेलं माणूस पाहिजे, असं मीच म्हटलं होतं.

डॉक्टरांनी नवा फोटो काढून घेतला आणि भिंतीवरच्या दिव्यावर लावला. विचारलं, याआधी कधी काढला होता का? ती म्हणाली, काढला होता ना, पांढुर्ण्याला, मागच्या साली. तेव्हाही डाग आहे म्हणाले होते, फोटो सांभाळून ठेवा म्हणाले. हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर खूश झाले. त्यांनी दिरांना नीट समजावलं, सावकाश, आम्हाला कळेल असं. जुना फोटो आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर तो जुन्या आजाराचा वण आहे, विसरून जा, घरी जा. तेव्हा लहान असेल आणि आता मोठा झाला असेल, तर वेळ घालवायचा नाही, लगेच ऑपरेशन. एवढं सगळं त्या एका जुन्या फोटोवर आहे.

मी स्टुलावर बसले होते. दिव्यावर तिच्या फासळ्या लागल्या होत्या, त्याच कमानी. डोळे मिटूनही मला त्या आखता आल्या असत्या. आणि त्यांच्या मधात तो डाग. बोराएवढा. त्या डागाचं माप जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी त्याच्या काठाला धरून आठ छिद्रं पाडली होती. हा नवा डाग त्या आठ छिद्रांत मावला नसता.

डॉक्टरांसमोर बोलायला नेलेलं शिकलेलं माणूस एक शब्द बोललं नाही.

बसमध्ये मी स्वतःला काय-काय सांगितलं. नागपूरचं मशीन मोठं असेल, म्हणून डाग मोठा दिसला असेल. लेसची पाच फुलं राहिली आहेत, ती झाली की फिल्म काढून पाकिटात घालीन आणि म्हणेन, सापडला बाई, इथेच होता. पण खरं कारण सासूबाई होत्या. उशी, टाचण्या, आणि त्या टाचण्यांखाली घरातल्या माणसाची छाती; आणि ते माणूस रक्त खोकून राहिलं. ज्या बाईनं परक्या नर्सला चेटकीण ठरवायला दोन दिवस घेतले, तिनं मला ठरवायला दोन घटका घेतल्या नसत्या. आणि मी, करणीला हसणारी, बसच्या खिडकीशी बसून मनातल्या मनात विचार करत होते की खरंच तर नसेल ना लागलं.

घरी पोचल्यावर फोटोची शोधाशोध झाली. अलमारी, पेट्या, कोठी, सगळं. मीही शोधत होते. पोत्यांच्या मागे वाकून पाहत होते, गाद्या उचलत होते, घाम पुसत होते. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं. फिल्म माझ्या खोलीत उशीवर होती, लेसखाली, आणि उशीवर मी फडकं टाकलं होतं. जाऊ खाटेवर बसून आम्हाला शोधताना पाहत होती. मग म्हणाली, राहू द्या, दिवाळीच्या रंगरंगोटीत कागदांबरोबर गेला असेल, मीच टाकला असेल. सासूबाई तिच्यावर भडकल्या. तिनं ऐकून घेतलं.

दिरांनी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मग आता तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू आणि या नव्याशी ताडून पाहू. दुसरा इलाज नाही.

पाच फुलं मी चार दिवसांत संपवली. विणून झाल्यावर फिल्म काढली, आणि तेव्हा दिसलं की ती परत देण्यासारखी उरलीच नव्हती. किती छिद्रं. कुणीही उजेडाशी धरली असती तर फासळ्यांच्या आधी माझं फूल दिसलं असतं. डॉक्टरांना मात्र डाग दिसला असताच. छिद्रांनी डाग झाकला जात नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी फिल्म माझ्या लोखंडी पेटीत, शालूच्या घडीत ठेवली.

लेस बाह्यांना जावेनं शिवली. माझा हात शिवणात जाडाभरडा, तिचा टाका दिसायचा नाही. ओसरीवर उन्हात बसून खोकत-खोकत शिवत होती. एक बाही झाली, ती तिनं हातावर पसरून पाहिली, फुलावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे फूल कुठून आणलं वं मधात? मी म्हटलं, कुठून नाही, आपलं मनातून काढलं. तिनं ती बाही घडी करून ठेवली. दुसरी बाही घेतली.

मोहगावच्या लग्नात बायांनी खरंच तोंडात बोट घातलं. एकीनं तर माझा दंडच धरून ठेवला. मी हसत होते. पंगतीच्या टोकाला जाऊ बसली होती, पदर तोंडावर धरून. मला वाटलं, खोकला दाबतेय.

तीन महिने कसे गेले ते मी लिहू शकत नाही. रोज ठरवायची, आज सांगीन. रोज आणखी एक दिवस झालेला असायचा, आणि जितके दिवस होत गेले तितकं सांगणं महाग होत गेलं. माझं पोर तिच्या मांडीवर झोपायचं आणि मी दुसरीकडे पाहायची.

दुसऱ्या फोटोत डाग लिंबाएवढा होता. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टर दिरांना म्हणाले. पुढे खूप वर्षांनी, माझ्या स्वतःच्या दुखण्यासाठी एका डॉक्टरकडे गेले असताना, मी दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून त्यांना विचारलं की ते तीन महिने मिळाले असते तर बाई वाचली असती का. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित वाचली असती, कदाचित नाही. हे 'सांगता येत नाही' घेऊन मी इतकी वर्षं जगले. नक्की नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. नक्की हो म्हणाले असते तरीही, वाटतं, बरं झालं असतं.

आता मी मुलाकडे पांढुर्ण्याला राहते. लेस सोडली नाही. सोडायला पाहिजे होती असं कुणाला वाटेल; मलाही कधी-कधी वाटतं. पण त्या बत्तीस टिपऱ्यांतल्या एकोणतीस अजून आहेत, तिच्या अंगठ्याचा घट्टा त्यांच्या पोटात आहे, आणि त्या हातात नुसत्या धरून बसलं तर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. म्हणून विणते. टीव्हीवरच्या रुमालांना, नातीच्या फ्रॉकला, कुणी मागितली नसली तरी. नमुना पुठ्ठ्यावर काढते. फाटतो. फाटू दे.

या उन्हाळ्यात नातीनं माझी पेटी उपसली. आजकाल ती मोबाइलवर कुठल्या-कुठल्या देशांतल्या बायांना अशीच लेस विणताना पाहते आणि मला शिकवायला बसते की आजी, तू पीळ उलटा देतेस. शालूच्या घडीतून तिनं ती फिल्म काढली आणि खिडकीशी धरली. म्हणाली, आजी, कित्ती भारी डिझाईन, ही कोणाची? तो हाडांचा फोटो आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. तिच्या पिढीत फोटो मोबाइलवर येतो, त्याला टाचणी कुठे टोचणार. तिला तीच लेस शिकायची आहे, त्याच फिल्मवर. मी म्हटलं, ही नको. काहून नको? मी म्हटलं, दुसऱ्याची आहे. मग तिच्या हातातून घेतली, आणि दोन दिवस मला कुणाशी नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. तिनं वाचावं. मग तिनंच ठरवावं.

सांगितलं मी शेवटी. त्याला सांगणं म्हणायचं असेल तर. दुसऱ्यांदा नागपूरहून आल्यानंतरचे दिवस होते. बगीच्यात आंबिया बहार फुलला होता, आणि तिची खाट ओसरीवर काढून ठेवली होती, तिला वास आवडायचा म्हणून. घरात कुणी नव्हतं. मी पेटीतून फिल्म काढली, त्याच खाकी पाकिटात घातली, आणि पाकीट तिच्या खाटेवर ठेवलं. पाया पडणार होते, रडणार होते, सगळं पाठ केलं होतं. त्यातलं काहीच न करता खाटेच्या पायथ्याशी बसले.

तिनं पाकीट उघडलं. दोन्ही हातांनी फिल्म उन्हाकडे धरली. छिद्रांतून ऊन आलं आणि तिच्या चेहऱ्यावर, गळ्यावर बारीक-बारीक ठिपके पडले, माझ्या लेसचा अख्खा नमुना, गालावर ते फूल. तिला हात वर धरवेनात. तिनं फिल्म छातीवर टेकवली, जिथली होती तिथेच, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता आनला का वं?" ती म्हणाली. "मले तं नागपूरले जायाच्या आधीच मालूम होतं. तुह्या उशीवरचं फडकं सरकलं होतं, म्या पाह्यला. बाह्या शिवताना तुले इचारलं, तं तू म्हनली, मनातून काढलं. मंग म्याबी काही नाही म्हटलं. मलेबी भेव वाटे ना, डाक्टर काय सांगन त्याचं. पन रोज सकाळी वाटे, आज आनशीन."